आर्मी मेडिकच्या ट्रेनिंगवर कॉलेज क्रेडिट: जेएसटीवर ४० दिसतात, डिग्रीत किती धरतील?

मोगरा_ऑस्टिन

भाचा यूएस आर्मीत आहे, ६८-डब्ल्यू म्हणजे कॉम्बॅट मेडिक. चार वर्षांचा करार जूनमध्ये संपतोय. पुढे टेक्सासमध्येच सरकारी युनिव्हर्सिटीत नर्सिंगची चार वर्षांची डिग्री (बीएसएन) करायची आहे. त्याने जेएसटी, म्हणजे सैन्याची ट्रान्सक्रिप्ट, डाउनलोड केली. त्यावरच्या क्रेडिटची बेरीज चाळिसाच्या वर जाते. घरात सगळे धरून बसलेत की १२० पैकी ४० झाले, एक वर्ष आणि वर थोडं वाचलं. कॉलेजमध्ये फोन केला तर "कागद पाठवा, मग बघू" एवढंच उत्तर मिळतं.

१) हे ४० खरंच मिळतात का?
२) जूनच्या आधी त्याने काय काय उरकून घ्यावं?
३) जीआय बिलाच्या (माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या) पैशांवर याचा काही परिणाम होतो का?

---

खिडकी_क्रमांक_४

मोगराताई, आधी तो ४० चा आकडा डोक्यातून काढा. जेएसटीवर जे छापलेलं असतं ती शिफारस असते. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, म्हणजे एसीई, ही संस्था १९४५ पासून हे काम करते. कॉलेजचे प्राध्यापक सैनिकी कोर्सचा अभ्यासक्रम, तास आणि परीक्षा तपासतात आणि अमुक विषयात इतके सेमिस्टर अवर (म्हणजे क्रेडिट) द्यायला हरकत नाही असं लिहून देतात. ते स्वीकारायचं की नाही हे कॉलेज ठरवतं.

आता कागद समोर घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीवर तीन गोष्टी बघा.

पहिली, पातळीचं अक्षर. "एल" म्हणजे पहिल्या दोन वर्षांची पातळी, "यू" म्हणजे शेवटच्या दोन वर्षांची, "व्ही" म्हणजे व्होकेशनल. बीएसएनसारख्या डिग्रीत "व्ही" बहुधा जमेस धरत नाहीत, ते बेरजेतून वगळा.

दुसरी, दुहेरी मोजणी. जेएसटीवर कोर्स वेगळे असतात आणि नोकरीतल्या अनुभवाचा, म्हणजे एमओएसचा (सैन्यातल्या कामाच्या प्रकाराचा), भाग वेगळा. मेडिकच्या कोर्सवर इमर्जन्सी केअरचे क्रेडिट असतात आणि ६८-डब्ल्यूच्या अनुभवावरही त्याच विषयाचे पुन्हा दिसतात. कॉलेज एका विषयाचे एकदाच देतं. तुमच्या चाळिसातले बरेच इथेच गळतील.

तिसरी, तारीख. एसीईच्या नोंदीत प्रत्येक कोर्सच्या आवृत्त्या असतात आणि कोणत्या काळात तो कोर्स केला त्यावर शिफारस ठरते. बेसिक कॉम्बॅट ट्रेनिंगचंच बघा. शारीरिक शिक्षण, प्रथमोपचार, नेमबाजी असे एकेक क्रेडिटचे तुकडे त्यात असतात, पण दोन वेगळ्या वर्षी भरती झालेल्यांच्या कागदावर ते सारखे असतीलच असं नाही. मित्राच्या कागदावरून अंदाज बांधू नका.

एवढी गाळणी झाल्यावर जे उरेल ते कॉलेज "स्वीकारेल". स्वीकारणं आणि डिग्रीत लागू होणं यात पुन्हा फरक आहे. तीस क्रेडिट स्वीकारले, पण डिग्री प्लॅनमध्ये मोकळ्या इलेक्टिव्हची (ऐच्छिक विषयांची) जागा तीनच क्रेडिटची असेल, तर उरलेले सत्तावीस ट्रान्सक्रिप्टच्या तळाशी नुसते पडून राहतात. बीएसएनमध्ये मोकळी जागा जवळपास नसतेच. बिझनेस, क्रिमिनल जस्टिस किंवा जनरल स्टडीजला हाच कागद दिला तर चित्र पार वेगळं दिसेल.

म्हणून कॉलेजला "किती क्रेडिट द्याल" असं विचारू नका. डिग्री प्लॅन मागवा आणि "यातल्या कोणत्या ओळी कापल्या जातील" हे लेखी विचारा.

---

स्टेथोस्कोप

नर्सिंगपुरतं लिहितो.

६८-डब्ल्यूचं ट्रेनिंग फोर्ट सॅम ह्यूस्टनला सोळा आठवड्यांचं असतं. त्यात राष्ट्रीय नोंदणीची ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) परीक्षा पास व्हावीच लागते. कागद भक्कमच आहे. पण बीएसएनच्या प्रवेशाची खरी अट असते ती लॅबसह शास्त्र विषयांची. टेक्सासच्या सामाईक क्रमांकांनुसार अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग म्हणजे बायोलॉजी २४०१ आणि २४०२, मायक्रोबायोलॉजी म्हणजे २४२०. प्रत्येकी चार, मिळून बारा क्रेडिट. मेडिकच्या ट्रेनिंगवर हे सहसा माफ होत नाहीत. क्लेप, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय, तिच्यात अ‍ॅनाटॉमीची परीक्षाच नाही, आणि क्लेपची बायोलॉजी पास झाली तरी तिच्यात लॅब नसते.

सुटू शकतात ते इतर विषय. ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी या क्लेपमधून होतात. स्टॅटिस्टिक्सची डीएसएसटी (क्लेपसारखीच दुसरी) परीक्षा आहे. पण नोंदणी करण्याआधी त्या त्या नर्सिंग स्कूलचं प्रवेशाचं पान वाचा. परीक्षेतून मिळालेल्या क्रेडिटला ग्रेड नसते आणि प्रवेश मात्र पूर्वअटीच्या विषयांच्या जीपीएवर (ग्रेडच्या सरासरीवर) ठरतो. त्यामुळे युनिव्हर्सिटी जे क्रेडिट आनंदाने देते तेच नर्सिंग विभाग पूर्वअट म्हणून नाकारतो, असं होतं. दोन्ही दारांवर वेगवेगळं विचारायचं.

आणि हे विषय फार आधी करून ठेवायचीही सोय नाही. बऱ्याच ठिकाणी शास्त्र विषय पाच ते सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत.

मेडिकला थेट फायदा हवा असेल तर सैनिकी मेडिकसाठी ब्रिज कोर्स असलेली कॉलेजं शोधा. तिथे विभागाने आधीच कोर्समागून कोर्स ताडून ठेवलेले असतात. बाकीच्या ठिकाणी विभागप्रमुखांना ईमेल करावा लागतो. त्यात एसीईचा नोंद क्रमांक (आर्मीच्या कोर्सचा "एआर" ने सुरू होतो), त्या नोंदीतला अभ्यासक्रमाचा तपशील आणि आपल्या कॉलेजचा नेमका कोर्स क्रमांक शेजारी शेजारी लिहा. "माझा अनुभव विचारात घ्यावा" असल्या मोघम ईमेलला मोघमच उत्तर येतं.

---

क्लेपवाला_काका

मी दुसऱ्या प्रश्नाचं घेतो. यात तारीख चुकली की पैसे आपल्या खिशातून जातात.

क्लेप आणि डीएसएसटी परीक्षांची फी सेवेत असेपर्यंत डँटेस नावाचा संरक्षण खात्याचा विभाग भरतो. प्रत्येक विषयाच्या पहिल्या प्रयत्नाची फी माफ. आर्मीच्या तळावरच्या केंद्रात परीक्षा दिली तर केंद्राचं वेगळं शुल्कही सहसा पडत नाही. जूनमध्ये सेवा संपली की ही सवलत संपली. तो गार्डमध्ये किंवा रिझर्व्हमध्ये (अर्धवेळ सैन्यात) गेला तर चालू राहते. सेवामुक्त झालेल्याला फीची भरपाई जीआय बिलातून मागता येते, पण ती हक्काच्या पुंजीतून जाते. फुकट मिळतंय तेव्हा घेऊन टाकावं.

क्लेपचे गुण २० ते ८० मध्ये असतात आणि एसीईची शिफारस ५० वर आहे. काही कॉलेजं काही विषयांना जास्त मागतात. नापास झाला तर तोच विषय तीन महिन्यांनी, आणि तेव्हा फी स्वतःची. म्हणजे जूनपर्यंत एका विषयाला एकच संधी धरा. आधी सोपे घ्यावेत. इंग्रजी निबंधाची परीक्षा (कॉलेज कॉम्पोझिशन) मात्र तयारी केल्याशिवाय देऊ नये.

टेक्सासची एक गोम आहे. सरकारी कॉलेजांत ४२ क्रेडिटचा कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या विषयांचा गट, असतो. त्यात सहा क्रेडिट गव्हर्नमेंटचे आणि सहा अमेरिकन इतिहासाचे. क्लेपची अमेरिकन गव्हर्नमेंट दिली की गव्हर्नमेंट २३०५ सुटतो. २३०६ मध्ये टेक्सासची राज्यघटना आहे, तो वेगळा करावाच लागतो. इतिहासाचे दोन्ही भाग क्लेपने होतात. कोअरमध्ये सोडवलेली ओळ नक्की लागू होते, इलेक्टिव्हसारखी तरंगत राहत नाही. माझ्या मते त्याच्या जेएसटीवरच्या चाळिसापेक्षा कोअरमधल्या चार क्लेप परीक्षा जास्त मोलाच्या आहेत.

जूनपूर्वीची बाकीची कामं:

जेएसटीच्या साइटवर वैयक्तिक ईमेल घालून खातं चालू करून ठेवायचं. सध्या तो सीएसी कार्ड (सैन्याचं ओळखपत्र) टाकून आत जात असेल. ते कार्ड सेवा संपताना जमा होतं, सैन्याचा ईमेलही बंद होतो. मग पासवर्ड बदलायचा निरोप कुठल्या पत्त्यावर येणार?

स्वतः डाउनलोड केलेली पीडीएफ कॉलेजला चालत नाही. साइटवर कॉलेजचं नाव निवडून तिथूनच थेट पाठवायची, त्याला पैसे पडत नाहीत. पाठवण्याआधी गाळलेले कोर्स तपासा. आर्मीचे कोर्स एटीआरआरएस या प्रशिक्षण नोंदवहीतून जेएसटीवर येतात. तिथे "पूर्ण" अशी नोंद पडली नसेल तर इकडे कोर्स दिसत नाही. प्रमाणपत्र किंवा डीए-१०५९ फॉर्म (कोर्सचा मूल्यांकन अहवाल) असेल तर तळावरच्या एज्युकेशन सेंटरमधून दुरुस्ती लावून घ्यावी. युनिटमधला प्रशिक्षणाचा कारकून हाताशी असताना हे काम होतं, बाहेर पडल्यावर त्याच नोंदीसाठी महिनेच्या महिने जातात. बेसिक लीडर कोर्स केला असेल तर तो खास शोधा.

काही कोर्स मात्र "इतर शिक्षण" या भागात क्रेडिटशिवाय दिसतील. त्यात चूक नसते. चार-पाच दिवसांचे छोटे कोर्स एसीईने तपासलेलेच नसतात, त्यावर भांडून उपयोग नाही.

डीडी-२१४ (सेवामुक्तीचा दाखला) हातात पडायच्या आधी मसुदा वाचायला देतात. रकाना ११ मध्ये एमओएस आणि रकाना १४ मध्ये सैनिकी शिक्षण असतं. तिथे कोर्सचं नाव सुटलं असेल तर सही करण्याआधी सांगायचं. कॉलेजला याच दाखल्याची मेंबर-४ ही प्रत द्या. सेवामुक्तीचा शेरा तिच्यावर असतो, मेंबर-१ वर नसतो.

आणि आत्तापासून जूनपर्यंत एखादा ऑनलाइन कोर्स जमत असेल तर ट्यूशन असिस्टन्स (सेवेत असताना फीसाठी सैन्याकडून मिळणारी मदत) वापरा. सेमिस्टर अवरमागे २५० डॉलरपर्यंत मिळतात. "सी" च्या खाली ग्रेड आली तर ते परत करावे लागतात, म्हणून मैदानी सराव असलेल्या महिन्यात नको.

---

मोगरा_ऑस्टिन

काका, स्टेथोस्कोप, खिडकी, खूप आभार. बेरीज परत केली. व्ही वगळून आणि दुहेरी काढून २३ उरले. हे ठीक वाटतंय का? आणि टेक्सासमध्ये क्रेडिट द्यायचा कायदाच आहे असं कोणीतरी म्हणालं, ते काय?

---

खिडकी_क्रमांक_४

२३ पटण्यासारखे आहेत. त्यातले पाच-सात डिग्रीत लागू झाले तर बीएसएनसाठी चांगलं म्हणेन.

कायदा आहे. टेक्सास एज्युकेशन कोड, कलम ५१.३०४२. हायस्कूल पास, सन्मानपूर्वक सेवामुक्त आणि किमान दोन वर्षं सेवा झालेली असेल (किंवा अपंगत्वामुळे सेवा संपली असेल), तर सरकारी कॉलेजने डिग्रीत लागणारं सगळं शारीरिक शिक्षण माफ करायचं आणि वर इलेक्टिव्हचे जास्तीत जास्त बारा क्रेडिट द्यायचे. पण "इलेक्टिव्ह" हाच शब्द आहे बघा. डिग्री प्लॅनमध्ये इलेक्टिव्ह नसेल तर कायदा ते निर्माण करत नाही. आणि पुरावा म्हणून डीडी-२१४ लागतो, म्हणजे हा अर्ज जूननंतरच.

दुसरं कॉलेज बदललं तर जेएसटी पुन्हा पाठवायची. पहिल्या कॉलेजने तिच्यावर दिलेले क्रेडिट दुसऱ्याला बांधील नसतात. टेक्सासच्या सरकारी कॉलेजात पूर्ण केलेला कोअर मात्र एक गठ्ठा म्हणून पुढे जातो.

साठ-साठ क्रेडिट "गॅरंटीने" देणाऱ्या जाहिराती दिसतील. आधी त्या कॉलेजची मान्यता बघा. टेक्सासमधल्या सरकारी युनिव्हर्सिटींची मान्यता एसएसीएस या मान्यता देणाऱ्या संस्थेकडून असते. प्रशिक्षणाचे क्रेडिट खरोखर मोकळ्या हाताने देणारी मान्यताप्राप्त कॉलेजंही आहेत, न्यू जर्सीची थॉमस एडिसन स्टेट किंवा न्यू यॉर्कची एक्सेल्सियर. पण भाच्याला रुग्णालयात प्रत्यक्ष सराव असलेली बीएसएन हवी आहे, तो हिशोब वेगळा.

---

हप्ता_आणि_हिशोब

तिसरा प्रश्न राहिलाच की.

पोस्ट-९/११ जीआय बिलात ३६ महिने मिळतात. व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं खातं, फक्त डिग्रीला लागणाऱ्या कोर्सचे पैसे देतं. कॉलेजने आधीचं शिक्षण आणि ट्रेनिंग तपासून योग्य ते क्रेडिट द्यायलाच हवेत असा नियम आहे, म्हणून सर्टिफायिंग ऑफिसर (कॉलेजात व्हीएचं काम बघणारा) जेएसटी मागणारच. जेएसटी लपवून ठेवून सगळे विषय पुन्हा पैसे घेऊन करू, हा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर सोडा. ज्या विषयाचे क्रेडिट मिळाले तोच विषय पुन्हा घेतला तर व्हीए त्याचे पैसे देत नाही.

फटका बसतो तो जीआय बिलातून मिळणाऱ्या घरभाड्याच्या भत्त्यात. समजा सेमिस्टरला बारा क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. क्लेप आणि ट्रेनिंगमुळे कोअर संपला, नर्सिंगचा पहिला टप्पा अजून सुरू झालेला नाही, आणि त्या सेमिस्टरला लागणारे विषय नऊच क्रेडिटचे उरलेत. नऊ भागिले बारा म्हणजे ७५ टक्के, ते जवळच्या दहात जाऊन ८० टक्के. भत्ता तेवढाच. सहा क्रेडिटवर गेला तर बरोबर ५० टक्के होतात आणि भत्ता शून्य, कारण ५० च्या वर असावं लागतं. न लागणारा विषय घेऊन बारा भरले तरी तो मोजत नाहीत. अपवाद शेवटच्या टर्मचा, तिथे एकदा असे जादा विषय घालून पूर्णवेळ करता येतं. सगळे विषय ऑनलाइन घेतले तर भत्ता राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्यावर येतो, म्हणून एक तरी विषय वर्गात बसून घ्यावा.

यावर उपाय म्हणजे आधी सेमिस्टरनिहाय तक्ता मांडणं. कोअरमधले दोन-तीन विषय मुद्दाम शिल्लक ठेवून अ‍ॅनाटॉमीच्या सेमिस्टरला जोडीला घेणारे शहाणे. सगळ्या क्लेप एकदम उडवून टाकण्यात घाई आहे. काकांशी इथे थोडा मतभेद.

भरतीच्या वेळी टेक्सासचा रहिवासी असेल तर हेझलवूड कायद्याखाली १५० क्रेडिट अवरची ट्यूशन माफी वेगळी आहे. जीआय बिल संपल्यावर पुढच्या शिक्षणाला ती कामी येते. ट्रेनिंगवर मिळालेल्या क्रेडिटमुळे त्यातले तास खर्ची पडत नाहीत.

---

क्लेपवाला_काका

मतभेद मान्य, पण तळावरच्या परीक्षा आत्ता फुकट आहेत. परीक्षा देऊन ठेवावी, निकाल कॉलेजला कधी पाठवायचा ते आपल्या हातात असतं. जेएसटीवर मात्र डँटेसच्या पैशांनी दिलेल्या परीक्षांचे गुण दिसतात, तेवढं लक्षात असू द्या. आणि शक्य असेल तिथे लेखी विचारा, कॉलेज न मागता सगळे क्रेडिट आपोआप चढवतं का. काही ठिकाणी एकदा चढले की काढता येत नाहीत.

---

सातारकर

तिकडचं वाचून विचारतो. एअर फोर्सवाल्यांचं पण जेएसटीच का? आणि आपल्याकडे अग्निवीरांना असं काही आहे ना? इथे माजी सैनिकांच्या ग्रॅज्युएशन सर्टिफिकेटवर पुष्कळ गोंधळ असतो.

---

खिडकी_क्रमांक_४

नाही. जेएसटी आर्मी, नेव्ही, मरीन आणि कोस्ट गार्डची. एअर फोर्सचं स्वतःचं कम्युनिटी कॉलेज आहे, अलाबामात मॅक्सवेल तळावर. ते मान्यताप्राप्त असल्यामुळे त्यांच्या सैनिकांना नेहमीसारखी कॉलेज ट्रान्सक्रिप्टच मिळते, असोसिएट पदवीसकट. स्पेस फोर्सचेही तिथेच. भारतीय सैन्यातलं ट्रेनिंग एसीईच्या यादीत नाही. त्यामुळे तिकडून निवृत्त होऊन अमेरिकेत आलेल्यांनी जेएसटीच्या मागे लागू नये, विद्यापीठाची गुणपत्रिका लागेल.

---

रेकॉर्ड_ऑफिस

सातारकर, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

अग्निवीरांसाठी जून २०२२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने इग्नूची तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी जाहीर केली. निम्मे क्रेडिट सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे, निम्मे इग्नूच्या भाषा, इतिहास, पर्यावरण वगैरे विषयांचे. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. सेवा चार वर्षांची आहे, त्यामुळे इग्नूचे विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षावर ढकलू नयेत. युनिटमधल्या एज्युकेशन हवालदाराकडे पहिल्याच वर्षी नाव नोंदवावं.

माजी सैनिकांचं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट हा निराळा कागद. मॅट्रिक पास आणि किमान पंधरा वर्षं सेवा झालेल्याला तो मिळतो. पदवीची अट असलेल्या केंद्र सरकारच्या गट क पदांना, जिथे तांत्रिक अनुभव आवश्यक नाही, तिथे तो पदवीऐवजी चालतो. तो विद्यापीठाची पदवी नाही आणि त्यावर क्रेडिटही नसतात. एमएच्या प्रवेशाला तो जोडून अर्ज बाद होतात ते याचमुळे. बँकेच्या किंवा राज्याच्या जाहिरातीत तो चालेल का हे त्या जाहिरातीच्या पात्रतेच्या कलमात बघायचं. तिथे "पदवी किंवा समकक्ष" एवढंच असेल तर भरती मंडळाकडून लेखी खुलासा मागवा, आणि तो फॉर्म भरायच्या आधी.